बोर्डवर तेरा कॉलम, तरी काम कुठं अडकलंय ते कळेना

नंतर वाचायला येणाऱ्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात सांगते. आठ जणांची टीम, त्यात ५ डेव्हलपर, २ टेस्टर, १ बीए (बिझनेस ॲनालिस्ट). दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे ठरलेलं काम संपवायची मुदत. जिरावर (कामांच्या नोंदी, म्हणजे तिकिटं, ठेवायचं सॉफ्टवेअर) १३ कॉलम. कुठल्याही दिवशी बघितलं तर १८च्या आसपास तिकिटं चालू, पण स्प्रिंट संपताना खरी डन होतात ती ९, उरलेली पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलायची. शेवटच्या दोन दिवसांत सगळं टेस्टिंगवर येऊन आदळतं. आणि मॅनेजर म्हणतायत की अजून दोन स्टेज टाकू म्हणजे ‘व्हिजिबिलिटी’ येईल. तुमचे प्रश्न दोन: स्टेज नक्की किती असाव्यात, आणि बग निघाला की तिकीट मागे न्यायचं का?

मी सहा वर्षं टेस्टर होते आणि नंतरची दहा वर्षं स्क्रम मास्टर (टीमचं काम सुरळीत चालतंय ना ते बघणारी) म्हणून काढलीत, सगळी पुण्यातच, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता “घे, तुझ्याकडं टाकलंय” हे वाक्य ऐकणाऱ्यांपैकी मी एक आहे. माझं मत त्या बाजूला थोडं झुकलेलं असणार, ते धरून वाचा.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. किती कॉलम या प्रश्नाला एक आकडा नाही. बँकेचं काम असेल, क्लायंटची यूएटीची, म्हणजे त्यानं स्वतः तपासून पसंत केल्याची, सही लागत असेल, ऑडिटला कोण कधी काय म्हणालं ते दाखवावं लागत असेल तर तुम्हाला दोन-तीन स्टेज जास्त लागणारच. प्रॉडक्शन सपोर्टची टीम असेल तर तिचं गणितच वेगळं, तिथं स्प्रिंट हाच प्रकार फारसा बसत नाही. तुमचं वर्णन वाचून मी असं धरलंय की नवीन फीचरचं काम आहे, क्लायंट बाहेरचा आहे आणि जिरा त्यांच्याच मालकीचा आहे. यातलं काही चुकत असेल तर पुढचं त्या मानानं कमीजास्त करून घ्या.

माझ्या मते तुमची खरी अडचण कॉलम कमी की जास्त ही नाहीच. तुमच्या बोर्डवर काम *कोणाच्या हातात* आहे ते दिसतं, पण काम *कशासाठी थांबलंय* ते दिसत नाही. तेरा कॉलमची नावं तुम्ही दिलीत ती परत वाचा: ‘ॲनालिसिस’, ‘डिझाइन’, ‘डेव्हलपमेंट’, ‘युनिट टेस्टिंग’, ‘कोड रिव्ह्यू’, ‘रिव्ह्यू कमेंट्स’... जवळजवळ सगळी कामाची नावं. एक ‘ऑन होल्ड’ सोडला, त्याबद्दल पुढं बोलू, तर एकही कॉलम थांबण्याचा नाही. आणि तिकिटाचं आयुष्य बहुतेक थांबण्यातच जातं.

हे उगाच म्हणत नाही, एका तिकिटाची जन्मकुंडली दाखवते. मागं एका टीममध्ये असाच घोळ होता, तेव्हा मी एक साधं तिकीट उचललं आणि जिरामधला त्याचा हिस्ट्रीचा टॅब उघडून, सगळ्यांशी बोलून, वहीत तासातासाचा हिशोब मांडला. काम काय, तर पावतीवर जीएसटीची बेरीज एका पैशानं चुकत होती, राउंडिंगची भानगड. सोमवारी सकाळी साडेअकराला डेव्हलपरनं घेतलं, मंगळवारी संध्याकाळी पाचला पीआर टाकला, म्हणजे कोड दुसऱ्याला तपासायला दिला. चांगला वेग. मग ते कोड रिव्ह्यूच्या कॉलममध्ये गेलं आणि गुरुवारी दुपारपर्यंत कोणी उघडून बघितलं नाही. ज्यानं बघितलं त्याला लागली पंचवीस मिनिटं. दोन कमेंट, त्या तासाभरात दुरुस्त, पण ॲप्रूव्हल आलं शुक्रवारी सकाळी कारण रिव्ह्यू करणारा तोवर दुसऱ्या मीटिंगला गेलेला. मर्ज झालं, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळलं. आता क्यूए सर्व्हरवर (टेस्टिंगच्या मशीनवर) बिल्ड, म्हणजे नवं तयार सॉफ्टवेअर, चढवायचं काम एका माणसाकडं, तो शुक्रवारी लवकर गावाला निघून गेला. बिल्ड चढलं सोमवारी दुपारी. टेस्टरनं हातात घेतलं मंगळवारी तीनला कारण तिच्यापुढं आधीची चार होती. दीड तासात तिला बग सापडला, सवलत लावली की परत एक पैसा चुकतोय. डेव्हलपर तेव्हा तिसऱ्याच तिकिटात गळ्यापर्यंत बुडालेला, त्यानं बघितलं गुरुवारी, दोन तासांत दुरुस्त केलं, शुक्रवारी अर्ध्या तासात परत टेस्ट झालं आणि स्प्रिंट संपला. दहा कामाचे दिवस. त्यात माणसाचा हात लागला तो सगळा मिळून पंधरा-सोळा तास, म्हणजे जेमतेम दोन दिवस. उरलेले आठ दिवस ते तिकीट नुसतं पडून होतं.

आणि या आठ दिवसांत बोर्ड काय सांगत होता? ‘कोड रिव्ह्यू’, ‘टेस्टिंग’, ‘इन प्रोग्रेस’. वाचणाऱ्याला वाटावं कोणीतरी रात्रंदिवस खपतंय. अशा बोर्डवर अजून दोन कॉलम टाकले तर पडून राहायला अजून दोन जागा झाल्या, एवढंच होईल.

म्हणून स्टेज ठरवताना मी तीन गोष्टी विचारते. तिथं काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं का? तिथं ढीग साचतो का? आणि साचलेला दिसला तर कोणी काही वेगळं करणार आहे का? तिन्हीला हो असेल तरच कॉलम. ‘युनिट टेस्टिंग’ घ्या. करणारा तोच डेव्हलपर, त्याच खुर्चीत, हात बदलत नाही, ढीग साचत नाही, मग वेगळा कॉलम कशाला. ‘रिव्ह्यू कमेंट्स’ पण तेच. ते गिटमध्ये (कोड ठेवतात तिथं) दिसतंय, बोर्डवर परत कशाला नाचवायचं. उलट ‘टेस्टिंगसाठी तयार’ हा कॉलम तुमच्याकडं नाहीये, आणि नेमका तिथंच डोंगर आहे. डेव्हलपर काम टाकतो आणि टेस्टर ते उचलते या दोन घटनांमध्ये जे अंतर आहे ना, ते दिसलं पाहिजे. ‘टेस्टिंग’ नावाच्या एकाच कॉलममध्ये नऊ तिकिटं असतील तर बघणारा म्हणतो टेस्टर हळू आहेत. तेच ‘तयार’मध्ये सात आणि ‘चालू’मध्ये दोन असं दिसलं की कळतं, दोन माणसं दोन कामं करतायत, सात रांगेत उभी आहेत. नऊच्या नऊ कार्डं तीच, पण आधी दोष टेस्टरच्या माथी होता, आता रांग सगळ्यांना दिसते.

तुमच्यासारख्या टीमला मी सहा ठेवले असते. करायचंय, डेव्हलपमेंट चालू, रिव्ह्यूला थांबलंय, टेस्टिंगसाठी तयार, टेस्टिंग चालू, डन. यूएटी क्लायंटच्या हातात आहे आणि त्याला स्प्रिंटचं काही सोयरसुतक नाही, म्हणून ते मी वेगळ्या बोर्डवर नेते. यावर बऱ्याच जणांचं माझ्याशी पटत नाही. ज्यांचा क्लायंट रोज उठून यूएटी करतो त्यांनी तो सातवा कॉलम ठेवावा, माझी हरकत नाही.

“पण क्लायंटचा जिरा ॲडमिन स्टेटस काढू देणार नाही” असं तुम्ही लगेच म्हणाल. काढूच नका. जिरामध्ये स्टेटस (तिकिटाची अवस्था) आणि कॉलम (बोर्डवरचा रकाना) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे पाच-पाच वर्षं वापरणाऱ्यांनाही कधीकधी माहीत नसतं. एका कॉलममध्ये कितीही स्टेटस बसवता येतात. तुमचे तेराचे तेरा स्टेटस वर्कफ्लोमध्ये राहू देत, ऑडिटवाले खूश, तुम्ही फक्त बोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ॲनालिसिस’, ‘डिझाइन’, ‘डेव्हलपमेंट’, ‘युनिट टेस्टिंग’ हे सगळे एकाच कॉलमखाली ओढा. बोर्डची ॲडमिन परवानगी असली की पुरतं. ‘टेस्टिंगसाठी तयार’ तेवढा एक स्टेटस नवीन मागावा लागेल, त्यासाठी एक मेल. तिथंच अजून एक खाच आहे: जिरा स्प्रिंटच्या रिपोर्टमध्ये पूर्ण म्हणून मोजतो ते फक्त सगळ्यात उजव्या कॉलममधलं. कोणी हौसेनं डनच्या उजवीकडं ‘रिलीज्ड’ असा कॉलम जोडला की तुमचा बर्नडाउन (उरलेल्या कामाचा आलेख) सपाट दिसायला लागतो आणि सगळे घाबरतात. शिवाय रेझोल्यूशन (तिकीट कसं निकालात निघालं ते) ही वेगळी फील्ड आहे. स्टेटस डन पण रेझोल्यूशन रिकामं असेल तर ते तिकीट जिराच्या दृष्टीनं अजून उघडंच असतं, फिल्टरमध्ये भुतासारखं परत परत येतं.

आता ‘अडकलंय’ किंवा ‘ऑन होल्ड’ या कॉलमबद्दल, कारण तुमच्या तेरांत तो आहे. तो पहिला काढा. हा कॉलम म्हणजे घरातला माळा. समोर नको ते वर टाकायचं आणि दिवाळीच्या साफसफाईलाच परत बघायचं. तिकीट तिथं गेलं की ते कुठल्या टप्प्यावर अडकलं तेही पुसलं जातं. डेव्हलपमेंटमध्ये एपीआय (दुसऱ्या सिस्टिमशी जोडायची सोय) मिळत नाही म्हणून अडकलं का टेस्टिंगमध्ये डेटा नाही म्हणून, काही कळत नाही. त्याऐवजी कार्ड आहे तिथंच ठेवा आणि फ्लॅग लावा, जिरामध्ये कार्ड पिवळं पडतं, आणि कमेंटमध्ये एक ओळ: कशासाठी थांबलंय, कोणाला विचारलंय, कधी. पिवळं कार्ड रोज डोळ्यात खुपतं. खुपलंच पाहिजे.

हे सगळं झालं चित्र नीट काढण्याबद्दल. चित्र नीट काढल्यानं ढीग कमी होत नाही, नुसता स्पष्ट दिसतो. कमी व्हायला चालू कामावर मर्यादा घालावी लागते आणि इथं मात्र लोकांच्या कपाळावर आठ्या येतात.

गणित सोपं आहे, १९६१ साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला रांगांचा नियम. सरासरी किती कामं चालू आहेत, त्याला रोज किती संपतात यानं भागा, एक काम संपायला सरासरी किती दिवस लागतील ते येतं. तुमच्याकडं १८ चालू, आणि दहा दिवसांत ९ संपतात म्हणजे दिवसाला ०.९. भागाकार केला की २० कामाचे दिवस. म्हणजे तुमचं सरासरी तिकीट दोन स्प्रिंट घेतं! मग निम्मी पुढं ढकलली जातात यात नवल काय, तुमचा बोर्ड बनलाच तसा आहे. कोणी आळशी नाही, अंदाजही फार चुकलेले नाहीत. तीच ९ संपत राहिली आणि चालू कामं १२ वर आणली तर तेरा-साडेतेरा दिवस, ९ वर आणली तर १० दिवस. हा सरासरीचा नियम आहे, आत येणारं आणि बाहेर जाणारं काम साधारण सारखं असेल तेव्हा लागू पडतो, उद्याच्या एका तिकिटाचं भविष्य त्यानं सांगू नका. पण दिशा कळायला एवढं पुरे.

ही कल्पना सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेली नाही. तिला कानबान म्हणतात. हा जपानी शब्द, अर्थ साधारण पाटी किंवा फलक. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटामध्ये ताइइची ओनो यांनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून ती पद्धत बसवली. फळीवरची वस्तू गेली की तेवढीच परत आणायची, आधीच करून ढीग लावायचा नाही. सॉफ्टवेअरमध्ये तिचं गाजलेलं पहिलं उदाहरण २००४ च्या सुमाराचं, मायक्रोसॉफ्टमध्ये डेव्हिड अँडरसन यांच्या मदतीनं झालेलं, आणि त्या टीमचे डेव्हलपर-टेस्टर बसत होते कुठं तर आपल्या हैदराबादला. तिथंही माणसं वाईट नव्हती. क्षमतेचा मोठा वाटा नुसते अंदाज काढण्यातच जायचा आणि हातात एकाच वेळी खूप काम असायचं. अंदाज बंद केले, हातातलं काम मर्यादित केलं, आणि महिने लागायचे तिथं आठवडे लागायला लागले. हे सांगायचं कारण एवढंच की “हे सगळं परदेशात चालतं, आपल्याकडं ऑफशोअरला नाही चालत” असं कोणी म्हटलं तर तुमच्याकडं उत्तर असावं.

तुमच्यासाठी मी सुरुवातीला डेव्हलपमेंटला ५, रिव्ह्यूला थांबलेली ३, आणि टेस्टिंगची दोन्ही मिळून ४ अशी मर्यादा ठेवली असती. हे आकडे काही आकाशवाणी होऊन आलेले नाहीत, आजच्या परिस्थितीपेक्षा थोडे घट्ट, एवढाच निकष. दोन स्प्रिंट बघायचं आणि बदलायचे. जिरामध्ये कॉलमला कमाल आकडा देता येतो, ओलांडला की कॉलम लाल होतो. टेस्टिंगचे दोन कॉलम आहेत म्हणून ४ हे दोन्हीत वाटून द्यावे लागतील, २ आणि २. तो अडवत मात्र नाही, नुसता लाल होतो. अडवायचं काम आपलं.

आता कळीचा प्रसंग. टेस्टिंग भरलंय, रिव्ह्यू भरलाय, आणि एक डेव्हलपर मोकळा झाला. आत्तापर्यंतची सवय म्हणजे नवीन तिकीट ओढणे. आता ते करायचं नाही. त्यानं उजवीकडं जायचं, कोणाचा तरी रिव्ह्यू करायचा, टेस्टरला डेटा बनवून द्यायचा, बिल्ड चढवायचं, किंवा चक्क दुसऱ्याचं तिकीट टेस्ट करायचं. पहिल्यांदा मी हे सांगितलं तेव्हा एक सीनिअर डेव्हलपर भर मीटिंगमध्ये म्हणाला, “मी काय टेस्टर आहे का?” मी सहा वर्षं टेस्टर होते हे त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं नाही रे, तेवढं अवघड काम तुला कोण देणार, तू फक्त तिच्या शेजारी बसून दोन केसेस चालवून बघ. बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून एक स्क्रिप्ट लिहून दिली, कारण टेस्ट डेटा हातानं भरण्यात तिची रोज चाळीस मिनिटं जातात हे त्याला त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर बसल्याशिवाय हे कळत नाही.

मॅनेजरचा प्रश्न येईल, “म्हणजे डेव्हलपर रिकामे बसणार?” कधीकधी हो, अर्धा तास, तासभर. सर्व्हिस कंपनीत बिलिंग तासांवर असतं तिथं हे बोलायला धाडस लागतं हे मान्य. मी त्यांना मुंबईची लोकल सांगते. दादरला गाडी थांबली की आधी उतरणाऱ्यांना उतरू देतात, मग चढायचं. चढणारे सगळे एकदम घुसले तर उतरणारेही अडकतात आणि चढणारेही दारात लोंबकळतात, गाडी मात्र तिथंच. त्या क्षणी बाहेर उभा असलेला माणूस रिकामा दिसतो, पण त्याच्या उभं राहण्यामुळंच गाडी सुटते. हे पटलं नाही तर भागाकार दाखवा, तो सहसा पटतो.

स्टँडअप (रोजची पंधरा मिनिटांची मीटिंग) पण त्याच दिशेनं चालवा, उजवीकडून डावीकडं. माणसामाणसाला “काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय” विचारत फिरू नका. ते तीन प्रश्न स्क्रम गाइडनेही (स्क्रम पद्धतीची अधिकृत पुस्तिका) २०२० च्या आवृत्तीत काढून टाकलेत, आपल्याकडं अजून हजेरीसारखे चालू आहेत. बोर्ड उघडायचा, डनच्या सगळ्यात जवळचं कार्ड घ्यायचं आणि एकच विचारायचं: हे आज पलीकडं जायला काय लागेल? मग त्याच्या डावीकडचं. पंधरा मिनिटं संपली आणि ‘करायचंय’पर्यंत पोचलोच नाही तर बिघडत नाही. प्रत्येक कार्ड त्या कॉलममध्ये किती दिवस पडून आहे ते ठिपक्यांनी दाखवायची सोय जिरामध्ये आहे, ती चालू करा. मला बाकी कुठल्याही रिपोर्टपेक्षा ते ठिपके जास्त सांगतात. महिन्यातून एकदा क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्राम (कुठल्या कॉलममध्ये रोज किती कार्डं होती त्याचा रंगीत आलेख) बघा. त्यात ज्या रंगाचा पट्टा फुगत चाललाय तिथं तुंबलंय, बाकी त्यात समजून घ्यायला फार काही नाही.

दुसरा प्रश्न, तिकीट मागं न्यायचं का. माझी पद्धत: नाही. टेस्टिंगमध्ये बग निघाला तर कार्ड टेस्टिंगमध्येच राहतं, फ्लॅग लागतो, बग कमेंटमध्ये किंवा सबटास्क (त्याच तिकिटाखालचं पोटकाम) म्हणून लिहिला जातो आणि डेव्हलपर तिथं येतो. कारण मागं गेलं की ते डेव्हलपमेंटच्या ढिगात सगळ्यात खाली जाऊन बसतं, वरच्या जीएसटीच्या तिकिटासारखं, आणि टेस्टिंगचा कॉलम खोटाच हलका दिसायला लागतो. पुढं असताना ते सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतं, मर्यादेत मोजलं जातं, आणि डेव्हलपरनं हातातलं थोडं बाजूला ठेवून आधी हे संपवावं असा आपोआप दबाव येतो. याला अपवाद एकच, मागणीच चुकीची समजली असेल आणि जवळजवळ नव्यानं करावं लागणार असेल तर सरळ ‘करायचंय’मध्ये न्या, लपवू नका. डन झाल्यानंतर बग निघाला तर मात्र नवीन तिकीट, जुनं उकरायचं नाही.

काही चांगल्या टीम कार्ड मागं नेतात आणि त्यांचं उत्तम चालतं. त्यांच्याकडं मागं आलेलं कार्ड आधी उचलायचं असा पक्का नियम असतो. कार्ड कुठल्याही बाजूला सरकवा, नियम सगळ्यांना एकच माहीत असला पाहिजे. तुमच्याकडं आत्ता निम्मे मागं नेतात, निम्मे नेत नाहीत असं लिहिलंय, ते सगळ्यात वाईट.

डन म्हणजे काय हेही एकदा भिंतीवर लिहून टाका. आपल्या भाषेत ‘झालंय’ हा फार लबाड शब्द आहे. घरी विचारा, स्वयंपाक झाला का, उत्तर येतं झालाय, फक्त कुकरची शिट्टी व्हायचीय. ऑफिसात तेच. “झालंय, फक्त मर्ज बाकी आहे.” “झालंय, माझ्याकडून.” “झाल्यातच जमा आहे.” मी एका टीममध्ये ‘माझ्याकडून झालंय’ म्हणणाऱ्याला सगळ्यांना वडापाव असा दंड ठेवला होता, दोन आठवडे आम्ही फुकट खाल्लं, मग शब्द बंद झाला. टक्केवारी पण बंद करा. नव्वद टक्के झालंय याचा अर्थ कोणालाच माहीत नसतो, सांगणाऱ्यालाही. कार्ड एक तर या कॉलममध्ये आहे किंवा त्या.

सबटास्कचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. एका स्टोरीखाली (एका फीचरच्या तिकिटाखाली) ‘डेव्ह’, ‘रिव्ह्यू’, ‘क्यूए’ अशा सबटास्क करू नका. प्रत्येकजण आपली बंद करून हात झटकतो आणि स्टोरी मधेच अनाथ. स्टोरीच एवढी लहान पाडा की दोन-तीन दिवसांत एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जाईल. दहा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये आठ दिवसांची स्टोरी घेतली तर ती नवव्या दिवशीच टेस्टरच्या दारात येणार, मग बोर्ड सोन्याचा करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्या मॅनेजरना सांगायला लागेल: या बोर्डवरून माणसं मोजू नका. कोणी किती कार्डं हलवली हे अप्रेझलला आलं की त्या दिवसापासून बोर्ड खोटं बोलायला लागतो. लोक स्टँडअपच्या पाच मिनिटं आधी कार्डं सरकवतात, मी हिस्ट्रीमध्ये बघितलंय, ९:५५ ते १०:०० मध्ये अख्ख्या दिवसाची हालचाल. तिकिटं उगाच फोडली जातात, फ्लॅग लावायला कोणी धजत नाही. तेरा कॉलमही बहुतेक यातूनच आलेले असतात, प्रत्येक वेळी काहीतरी उशिरा झालं, कोणीतरी विचारलं ‘तेव्हा ते कोणाकडं होतं’, आणि उत्तर म्हणून एक कॉलम वाढला.

जाता जाता. माझ्या पहिल्या टीमचा बोर्ड खराखुरा होता, काचेच्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या. पंखा जोरात लावला की चिठ्ठ्या गळून पडायच्या. एका सोमवारी आलो तर साफसफाई करणाऱ्या मावशींनी पडलेल्या सगळ्या चिठ्ठ्या उचलून, अगदी ओळीत, ‘डन’खाली लावून ठेवलेल्या. का, तर तिथंच जागा रिकामी होती म्हणाल्या. आम्ही खूप हसलो. मग परत कुठली कुठं होती ते आठवायला बसलो तर अर्ध्या चिठ्ठ्यांबद्दल डेव्हलपर आणि टेस्टरचं एकमत होईना.

तुम्ही येत्या सोमवारी एवढंच करा. मागच्या स्प्रिंटमधलं ढकललं गेलेलं कुठलंही एक तिकीट घ्या, हिस्ट्री उघडा, हात लागलेले तास आणि पडून राहिलेले दिवस वहीत मांडा, आणि सबंध टीमसमोर वाचून दाखवा, नाव न घेता. कॉलम नंतर बदलू. तुमच्याकडं जास्त दिवस रिव्ह्यूला गेले की बिल्ड चढायची वाट बघण्यात गेले ते इथं कळवा, कारण दुसरं असेल तर मर्यादा घालण्याआधी बिल्ड ऑटोमेट करायला हवं आणि मग मी वर दिलेले आकडे थोडे बदलतील.